हाती द्यायची पन्नी

प्रिय रंजी,

अक्षर ओळखलंसच. माझ्या अक्षराला तू कोंबड्यांनी उकरलेलं अंगण म्हणायचीस. आज मुद्दाम हळू लिहितेय, वाचता येईल. फोन करता आला असता, पण फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मागच्या दिवाळीत लावला, तू उचललास, आणि मी आईच्या गुडघ्यांबद्दल पाच मिनिटं बोलून "बरं, ठेवते" म्हणाले. तू विचारलंस, एवढंच का? मी म्हटलं, हो गं, सहज. तो फोन सहज नव्हता, त्याआधीचे दोनही नव्हते. जे तोंडाने जमत नाही ते हाताने जमतं का बघावं, म्हणून फील्ड डायरीची पानं फाडून बसले आहे. वरच्या कोपऱ्यात "गाव" आणि "दिनांक" असं छापलेलं आहे, ती जागा कोरी ठेवली आहे. तुला कोरे रकाने आवडत नाहीत हे माहीत असूनही.

आधी बातम्या. आईचे गुडघे तसेच. धाकट्या आदेशला चंद्रपुरात नोकरी लागली, त्यामुळे तो आता मलाच उपदेश करतो. आपल्या अभ्यासाच्या गावाला, हेटीटोल्याला, बस अजूनही जात नाही. धानोऱ्याच्या पुढे वळणावर उतरायचं आणि जंगलातून चार किलोमीटर चालायचं, तू दर वेळी "वाघ आधी कुणाला नेईल" यावर माझ्याशी वाद घालायचीस तोच रस्ता. बुधरीबाईचं नवं घर झालं. आणि तुझे लाडके मुखरूबुवा, ज्यांनी तुझ्या पहिल्याच प्रश्नावर पाठ फिरवली होती, त्यांनी खर्रा सोडून चौदा महिने झाले. आता ते पाहुण्यांना बडीशेप देतात आणि स्वतःच निम्मी खातात.

आपला प्रबंध (आपलाच म्हणते, माझा म्हणायला जीभ वळत नाही) जवळजवळ पुरा झाला आहे. खर्रा आणि तो सोडणारी माणसं. सहा प्रकरणं, दोनशे ऐंशी पानं, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला जमा करायचा. चौथं प्रकरण आपल्या मार्गदर्शक मॅडमना इतकं आवडलं की त्यांनी ते एका परिषदेत वाचायला लावलं. फोटोही आला होता पेपरात, "खर्रामुक्तीचा मार्ग दाखवणारी विद्यार्थिनी". आपल्या वर्गातल्या संघप्रियाने तुला पाठवला असेलच. फोटोत मी तोंड मिटून हसतेय. लोकांना वाटलं, किती शालीन.

तुला आपला पहिला आठवडा आठवतो? आठ दिवस कुणी बोलेना. आपण ओट्यावर बसायचो, बाया आपसात गोंडीत काहीतरी म्हणून हसायच्या, आणि आपले फॉर्म कोरेच. मग बुधरीबाईने पन्नी उघडली. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो ओलसर खर्रा. त्या गावात पन्नी उघडली की हात आधी समोरच्यापुढे जातो, स्वतःच्या तोंडाकडे नंतर. तू हात जोडलेस. म्हणालीस, माझ्या काकांना यानेच नळीतून जेवावं लागलं, मी नाही घेणार. बुधरीबाईने हात तसाच माझ्याकडे वळवला. "तुमी आमचं खाऊन नाई राह्यल्या, मंग आमी आमच्या पोटातलं तुमाले काऊन सांगाचं?" रंजी, मी एवढंसंच घेतलं. दोन बोटांत मावेल इतकं. घाम फुटला, डोकं गरगरलं, बाया खो खो हसल्या, आणि बुधरीबाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "आता कशी आमची झाली! इचार बापा, काय इचाराचं ते." त्या दुपारी मी अकरा पानं लिहिली. तुझ्या वहीत सात वेळा लिहिलं होतं, "उत्तर देण्यास नकार".

मॅडमनी माझ्या पानांवर लाल पेनाने "उत्तम संवाद" लिहिलं, आणि तुझ्या पानांवर काहीच नाही. परतताना तू मला एवढंच विचारलंस, चव कशी होती? मी म्हटलं, भिकार. खरंच भिकार होती. दुसऱ्या ओट्यावर मी पुन्हा घेतला, तिसऱ्यावर पुन्हा, आणि प्रत्येक वेळी मनाशी म्हणत होते की हा माझा नाही, प्रबंधाचा आहे. महिन्याभरात कुणी पुढे करेपर्यंत मला थांबवेना. मीच वळणावरच्या पानठेल्यावरून घोटून आणायला लागले, गावातल्या बायांना द्यायला म्हणून.

मार्कंड्याच्या जत्रेत आपण तपासणीचा मंडप लावला होता तेव्हाची तुझी थट्टा मला अजून आठवते. मी माईकवर ओरडत होते, या, तोंड उघडा, आपलीच तीन बोटं उभी करून आत घाला, जात नसतील तर खर्र्याने गाल आतून ताठरायला लागलेत असं समजा. आणि तासातासाने तुला सांगत होते की दर्शन घेऊन येते. चौथ्यांदा निघाले तेव्हा तू म्हणालीस, अगं, देव आता तुला नावाने ओळखत असेल. मी जोरात हसले. मी देवळात एकदाही गेले नव्हते. नदीच्या बाजूला एका भिंतीआड उभी राहून गालात भरत होते, आणि मग पाण्याने चूळ भरून, दोन लवंगा चावून पुन्हा माईकवर येत होते. तू त्या दिवशी एकशे चाळीस माणसांची तोंडं तपासलीस. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं तेवढं तपासलं नाहीस, कारण तुझा विश्वास होता.

आता ते लिहिते, ज्याला हात लावायचा नाही म्हणून मी एवढी फिरून आले. आपल्या खोलीतली ती फळी. डावीकडे माझा पसारा, उजवीकडे तुझे फॉर्म, दहा-दहाचे गठ्ठे, प्रत्येकाला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी. मी माझ्या पन्न्या तुझ्या गठ्ठ्यांमागे ठेवायचे. का, माहीत आहे? तुझी बाजू इतकी नीटनेटकी होती की तिथे कुणी काही शोधणार नाही असं मला वाटायचं. मॅडम अचानक पाहणीला आल्या, त्यांनी फॉर्म बघायला गठ्ठा ओढला आणि सहा पन्न्या खाली पडल्या. आपण दोघींनी सुरुवातीलाच सही केली होती, संशोधक तंबाखू खाणार नाही, खाल्ल्यास प्रकल्पातून बाहेर. मॅडम म्हणाल्या, "कुणाच्या आहेत?" तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. वाट बघत होतीस. आणि मी म्हणाले, "मला माहीत नाही, मॅडम."

तू एक शब्द बोलली नाहीस. नुसतं "माझ्या नाहीत" म्हणाली असतीस तरी पुरलं असतं. पण मग त्या कुणाच्या, हा प्रश्न पुढे आला असता, आणि त्याचं उत्तर तू माझ्यासाठी सोडलंस. मॅडमनी तुला गुपचूप काढलं, आणि त्यातच सांभाळून घेतलं असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. घरी तब्येतीचं कारण सांग म्हणाल्या. तू पिशवी भरलीस. गठ्ठे तिथेच ठेवलेस, चिठ्ठ्यांसकट. वळणापर्यंत मी तुझी पिशवी उचलून आले, आणि चार किलोमीटर मी कशाबद्दल बोलत होते? मोहाची फुलं यंदा उशिरा पडताहेत याबद्दल. ज्या पोरीच्या काकाला खर्र्याने खाल्लं, तिच्यावर मी खर्र्याचा ठपका बसू दिला, आणि मोहफुलांवर बोलत राहिले. मला माझीच किळस येते, रंजी. हे सांगून तुझ्याकडून काही काढून घ्यायचं नाही, आहे ते सांगतेय.

पुढची दोन वर्षं काय सांगू. मी सोडायचं ठरवलं नाही असं समजू नकोस. एकवीस वेळा ठरवलं. पण कुठे सोडू? विद्यापीठात मी "खर्रामुक्तीवाली दिव्यानी", तिथे सांगितलं तर प्रबंध गेला. गावात सांगितलं तर ज्यांनी माझ्या भरवशावर सोडलाय ते म्हणतील, हिच्याच्यानं होत नाही तर आपल्याच्यानं कसं होणार. आईला सांगितलं तर ती आधी रडेल आणि मग आदेशला सांगेल. गडचिरोली ते धानोरा रस्त्यावरच्या प्रत्येक ठेल्यावर माझ्यासाठी वेगळं खोटं तयार असतं: एकावर भावासाठी, एकावर ड्रायव्हरसाठी, एकावर अभ्यासाच्या नमुन्यासाठी. आमच्याकडे धानाच्या बांधीत पाणी वाहतं तिथे बांबूचा सापळा लावतात. मासोळीला कुणी ढकलत नाही, ती पाण्याबरोबर आपली आत जाते, आणि परत फिरायला गेली की काड्या टोचतात. मी तशी अडकले. लोकांना सोडायला शिकवायचं, त्यांचे आभार ऐकायचे, आणि खोलीवर येऊन कडी लावून गालात भरायचं. कधी कधी तर एखाद्या बाईची मुलाखत संपायची मी वाट बघायचे, ती बाई मला सांगत असायची की तिने कसा सोडला.

मागच्या राखीला घरी, मूल गावी, गेले होते. आदेशने गंमत म्हणून अख्खा पेढा माझ्या तोंडात कोंबायला घेतला. गेला नाही. तो हसत पुन्हा ढकलायला लागला आणि मला इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं. आई म्हणाली, नखरे वाढले हिचे, तिखट नको, भाकरीचा तुकडा एवढासा, शहरात राहून अशा होतात पोरी. मी मोरीत जाऊन कडी लावली आणि पहिल्यांदा स्वतःवर ती तपासणी केली. तीन बोटं जाईनात. दोन गेली, तीही आडवी करून. मी शेकडो माणसांना सांगितलेलं वाक्य मला पाठ होतं, फक्त ते मला सांगायला समोर कुणी नव्हतं.

नागपूरला दाखवून आले. गालाचा बारीक तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही, अजून नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि "अजून" वर जोर दिला. जे आवळलं आहे ते फारसं मोकळं होणार नाही, पण आज थांबलात तर पुढचं थांबेल. व्यायाम दिलाय. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकीवर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. दवाखान्यातून बाहेर पडले आणि समोर ठेला होता. मी काड्या विकत घेण्याआधी खर्रा घेतला. हेही तुला कळायला हवं.

आता त्या गाजलेल्या चौथ्या प्रकरणाचं. तू गेल्यावर काही महिन्यांनी बुधरीबाईने गावात एक रीत पाडली. गुरुवारी बाया-माणसं गोटुलाच्या, गावाच्या त्या बैठकघराच्या, अंगणात जमतात. ज्याला सोडायचा आहे त्याने एक शेवटची पन्नी घोटून घ्यायची, उघडायची नाही, आणि ज्याच्याशी तो खर्र्यापायी सगळ्यात मोठं खोटं बोललाय त्याच्या हातात स्वतः नेऊन द्यायची, खोटं काय होतं ते सांगून. दुसऱ्या कुणामार्फत पाठवलेली चालत नाही. घेणाऱ्याने ती जपून ठेवायची. पुन्हा खावंसं वाटलं तर दुसरीकडे जायचं नाही, त्याच हाताकडे मागायची. मुखरूबुवांनी बायकोला दिली. वीस वर्षं बैलं पाहायला जातो सांगून ते ठेल्यावर बसायचे. त्यानंतर ते तीनदा मागायला गेले. म्हातारी दर वेळी पन्नी पुढे करून म्हणायची, "घ्या, पण बैलं कशी आहेत ते सांगून जा." तिन्ही वेळा बुवा लाजून परत आले. ज्यांनी नेमक्या माणसाच्या हाती दिली, त्यांच्यातले बहुतेक टिकले. हाच माझा गाजलेला शोध, पेपरातला तो फोटो याचाच.

मागच्या गुरुवारी मीही एक पन्नी घोटून घेतली आणि बुधरीबाईकडे गेले. तिला सगळं सांगितलं. ती दचकलीसुद्धा नाही. म्हणाली, "मले ठावं आहे, पोरी. तुया तोंडाचा वास मले नाई येत काय?" मी पन्नी पुढे केली. तिने हात मागे घेतले. "मले कायले देतं? माह्याशी तू कई खोटं बोलली? म्याच तं तुले पयला देल्ला." मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला तेव्हा कळलं की तीही हे ओझं घेऊन बसली होती. मी म्हटलं, ही रीत तुला सुचली कशी? मला वाटलं, जुन्या कुठल्या चालीतून आली असेल. प्रबंधात मी तसं लिहूनही टाकलं आहे, तळटीपेसकट. ती म्हणाली, "ते दुसरी म्याडम नाई होती काय, दोरे बांधणारी? तिनं जाच्या आदी इचारलं होतं, तुमी कोनापासून लपवता? मले सांगता नाई आलं. सा मयने डोक्शात तेच फिरत राह्यलं."

प्रश्न क्रमांक चौदा, रंजी. तो तुझा होता. मी म्हणाले होते, असले भावनिक प्रश्न काढून टाक, आकडेवारीत बसत नाहीत. तू हट्टाने ठेवलास. माझं अख्खं चौथं प्रकरण तुझ्या एका प्रश्नावर उभं आहे, आणि तुझं नाव त्यात कुठेच नाही. त्या संध्याकाळी मी एक कोरा फॉर्म घेतला आणि स्वतःचा भरायला बसले. पहिले तेरा प्रश्न भराभर झाले. चौदाव्यावर मला वाटलं होतं, आई लिहीन. हाताने तुझं नाव लिहिलं.

शुक्रवारी मॅडमना जाऊन सांगितलं, फळीवरच्या सहा पन्न्यांपासून चौथ्या प्रकरणापर्यंत. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "तोंड उघड." मी उघडलं. त्यांनी माझीच बोटं माझ्या तोंडाशी नेली, दोनच्या पुढे गेली नाहीत. त्यांनी फाइल मिटली. प्रबंध जमा होणार नाही, निदान वीस तारखेला नाही. समितीपुढे जाईल आणि समिती काय करेल ते त्यांनाही माहीत नाही. तुझ्या नावाचं मी लेखी दिलं आहे, सही करून. मॅडम तुला पत्र लिहिणार आहेत. ते माझ्या पत्राच्या नंतर पोचावं एवढंच मी मागितलं.

आणि आता तो कोरा रकाना. गाव: सिंदेवाही. दिनांक: आज, सोमवार. सकाळच्या बसने आले, स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात बसून हे लिहिलं, आणि तू शिकवतेस त्या शाळेतल्या शिपायाच्या, धनराजभाऊंच्या, हातात देतेय. तू हे वाचत असशील तेव्हा मी फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली उभी असेन. चार दिवस झाले, खाल्लेला नाही. डोकं ठणकतंय, अक्षर पुन्हा कोंबड्यांच्या अंगणावर आलंय, शेवटची पानं वाचताना तुला ते दिसलंच असेल. गुरुवारची ती पन्नी माझ्या मुठीत आहे, उघडलेली नाही. तू बाहेर येऊन हात पुढे केलास तर ती तुझी, आणि मग मला कधीही खावंसं वाटलं तर सिंदेवाहीपर्यंत येऊन तुझ्या डोळ्यांत बघून मागावी लागेल. तू आली नाहीस तरी तुझं काही चुकणार नाही; माफ कर असं म्हणायला मी आले नाही आणि म्हणणारही नाही. चार वाजताची परतीची बस आहे. खरं सांगायचं तर, ही मूठ घेऊन मी त्या बसमध्ये बसले तर मूलपर्यंत ती बंद राहील की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशी खोलीत हेच तीन शब्द मी खोटे बोलले होते, आज ते खरे आहेत.

फाटकाबाहेर उभी,
तुझीच
दिव्यानी